पंधरा सूत

तुम्ही खोटं लिहिलंत. कचेरीच्या शिक्क्याखाली, सही-तारखेसकट, चांगल्या जाड कागदावर खोटं लिहिलंत. नुसती चूक असती तर कुणीही समजून घेतलं असतं. चूक काय, कुणाच्याही हातून होते. पण तुम्ही आधी भिंतीवरचा तक्ता काढलात, मग त्याच्या खिळ्यांची भोकं बुजवलीत आणि मग पंख्याखाली बसून ‘संबंधित कारागिराचा निष्काळजीपणा’ हे तीन शब्द टाइप केलेत. त्या संबंधित कारागिराला तुम्ही एका शब्दाने विचारलं नाही. खुर्ची राहू द्या, पाण्याचा पेलासुद्धा पुढे केला नाही. म्हणून ही गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. फाइल मिटा आणि ऐका.

संबंधित कारागीर म्हणजे आत्या. खरी आत्या ती एकाचीच, सेंटरिंगच्या फळ्या ठोकणाऱ्या सुताराची. पण तो कामावर दिवसभर ‘आत्या, आत्या’ करायचा, म्हणून विटा आणणारे, गज बांधणारे, रंगारी, सगळ्यांचीच ती आत्या झाली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा पंपवाला तिला आत्या म्हणायचा आणि वर आशीर्वादही मागायचा.

बावीस वर्षं आत्याने डोक्यावर घमेलं वाहिलं. घमेलं डोक्यावर असलं की मान खाली घालता येत नाही, घातली की माल सांडतो. म्हणून बावीस वर्षांत तिला जमीन डोळ्यांनी कमी आणि तळपायांनी जास्त कळायला लागली. पाय ठेवला की पाय सांगायचा, इथे पाव इंच उंच आहे, इथे पाणी भिंतीकडे जाईल. एका म्हाताऱ्या गवंड्याने हे हेरलं. त्याने तिचं घमेलं उतरवलं, हातात थापी दिली आणि म्हणाला, “तुझ्या टाचेत पाणसळ आहे गं. वाया घालवू नकोस.”

पाणसळ म्हणजे पातळी बघायची काचेची नळी. तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन थांबला की समजायचं, जमलं. त्या दिवसापासून आत्याला वाटायचं की आपल्या टाचेत खरोखरच एक बुडबुडा आहे. आपण चाललो की तो हळूच इकडून तिकडे सरकतो आणि आपण थांबलो की तोही विचार करत थांबतो.

मापं तिला माणसांसारखी दिसायची. पाव म्हणजे दारातून अर्धं अंग आत घालून उभं राहिलेलं कुणीतरी. पाऊण म्हणजे उठू की बसू करणारी पाहुणी. सव्वा जरा आगाऊ, बोलावलं त्याहून थोडा जास्तच येणारा. आणि सूत? इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सूत. घरात असून नसल्यासारखं राहणारं माणूस. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तेच बिघडलं की दार लागत नाही.

काम करताना ती अर्धी इथे आणि अर्धी कुठेतरी दुसरीकडे असायची. डोळे उघडे, हात चालू, आणि चेहऱ्यावर पाण्याखालून बघितल्यासारखा भाव. भाचा म्हणायचा, “आत्या झोपेत बांधते आणि आपण जागेपणी पाडतो.” सगळे हसायचे. तीही हसायची, पण जरा उशिरा, दुसरीकडून परत आल्यावर.

तुमच्या दवाखान्याचा जिना तिने बांधला. खाली तपासणीची खोली, वर खाटा आणि मधे सरळ जिना, वळण नाही, टेकायला टप्पा नाही. बांधायच्या पायऱ्या एकोणीस, पण पाय उचलायचा वीस वेळा, कारण विसावा चढ थेट वरच्या मजल्याच्या जमिनीवर. वरचा स्लॅब आणि जिन्याची तिरपी पाठ भाच्याच्या फळ्यांवर ओतली गेली. त्या पाठीवर विटांच्या पायऱ्या बसवायच्या, ते आत्याचं काम.

म्हाताऱ्या गवंड्याची रीत अशी होती. वरून खालपर्यंत दोरी सोडायची. जिना जेवढा उंच तेवढी दोरी. मग तिच्या घड्या घालायच्या, अर्धी, पाव आणि पावाचे पाच. झाले वीस. एक घडी म्हणजे एक चढ. आकडा लिहायचा नाही, वाचायचा नाही. उंची किती का असेना, ती वीस जणांत सारखी वाटली जाते, कुणी उपाशी राहत नाही. आणि जिना झाला की गवंड्याने अनवाणी, डोळे मिटून, तीनदा चढायचं आणि तीनदा उतरायचं. पायाला एकदाही शंका आली नाही तरच जिना लोकांचा.

आत्या दोरी घेऊन उभी राहिली, तर तुमचे इंजिनिअर साहेब आले. तुमचे नकाशे मिलिमीटरमध्ये, कामावरचे गवंडी इंचात मोजणारे. म्हणून तुम्ही तक्ता छापला होता आणि कामावरच्या खोलीत भिंतीला ठोकला होता. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे इंच. त्यात एका ओळीत ठसठशीत होतं, दीडशे बरोबर सहा.

“साहेब, एकदा दोरी सोडते, वीस घड्या घालते आणि सुरू करते,” आत्या म्हणाली.

“दोरीचे खेळ आता बंद. तक्त्यात सहा आहे ना? मग सहा.”

“तक्त्याला कुठे जिना चढायचाय साहेब?”

साहेब हसले. “तुमचं कारागीर-पत्र नवीनच आहे ना, आत्या? ते कचेरीने दिलंय, एवढं लक्षात असू द्या.”

आत्या गप्प बसली. इथे ती चुकली, हे तीच सांगते. बावीस वर्षांनी मिळालेला तो कागद तिने चोळीच्या खणासारखा घडी करून पेटीत तळाशी ठेवला होता. त्याच्या धाकाने तिने दोरी गुंडाळली आणि सहा-सहा इंचांनी विटा चढवायला घेतल्या.

बाराव्या चढावर दुपारचं ऊन तिरपं आत आलं. ओल्या मालावर पाण्याचा पातळ पापुद्रा चमकत होता. त्यात आत्याला एक आख्खी नदी दिसली. नदीच्या आत खाली खाली जाणारा जिना होता, त्याच्या पायऱ्या हिरव्या आणि मऊ, आणि त्या पायऱ्यांवर मासे असे उभे होते जसे दवाखान्यात लोक नंबर लावून उभे असतात. ती चार श्वास तिथे उतरली. परत आली तेव्हा वीट बसलेली होती. ती तेराव्या चढाला लागली.

एकोणीस झाल्या आणि शेवटच्या चढाला उरले चार इंच. हवे होते सहा. आत्याने टेप दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. साहेबांना बोलावलं. साहेब फोनवर होते. त्यांनी पायरीकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “फरशी बसली की जुळेल.”

फरशी खाली, वर आणि पायऱ्यांवर एकाच जाडीची बसली. काहीच जुळलं नाही. डोळे मिटून चढायची रीत आत्याला करायची होती, पण उद्घाटनाची फीत आधीच बांधून झाली होती आणि फितीपलीकडे गवंड्याचं काय काम?

उद्घाटनानंतर अकराव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर वरून खाली येताना पडल्या. मनगट मोडलं. मग तुमचा माणूस लाल ठिपका टाकणारं यंत्र घेऊन आला, शेवटची पायरी मोजून गेला आणि पत्र निघालं. शेवटच्या चढात दोन इंचांची तूट. संबंधित कारागिराचा निष्काळजीपणा. सोमवारपर्यंत चूक कबूल करून सही द्यावी. सही दिल्यास कारागीर-पत्र रद्द होईल, मजूर म्हणून काम चालू ठेवता येईल. न दिल्यास पुढील कारवाई.

भाच्याने पत्र दोनदा वाचून दाखवलं. “आत्या, सही करून मोकळी हो. मोठ्यांच्या नादी कोण लागणार?”

“मोकळी? डोक्यावर घमेलं घेऊन मोकळी?”

“तसं नाही गं...”

“मग कसं ते सांग.”

भाचा पत्राची घडी घालू लागला. पण आत्याला तोंड वर करून भांडता येईना, कारण तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. दोन इंच कुठे गेले, हे तिला माहीत नव्हतं. आपण काम करताना दुसरीकडे जातो, हे मात्र माहीत होतं. तिकडे उतरताना आपणच ते दोन इंच कुठल्यातरी हिरव्या पायरीवर ठेवून आलो असू, तर? खिसा फाटका असला की माणूस चोरावर आळ घेताना अडखळतो. तिचं तसं झालं.

रविवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. जिन्याच्या तोंडाशी दोरखंड बांधलेला. खाली टेबलाशी सिस्टर उजवा हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने औषधांची यादी लिहीत होत्या. अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी.

“तूच का ती जिनावाली?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“हो.”

“ये, बघ. हा तुझा पराक्रम.” त्यांनी प्लॅस्टर पुढे केलं. “माझ्या घरी भाकऱ्या माझा नवरा थापतोय. दगड बरे. त्याचाही हिशेब तुझ्याच डोक्यावर.”

आत्याने प्लॅस्टरवरून बोट फिरवलं. सवयच ती. “हे मात्र सारखं केलंय,” ती नकळत म्हणाली.

सिस्टरांना हसू आवरलं नाही. मग त्या रागावल्या, हसू आलं म्हणून.

“कशा पडलात ते सांगा,” आत्या म्हणाली. “अगदी पायाला काय वाटलं ते.”

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. हे त्यांना आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. “हातात ट्रे होता, खाली दिसत नव्हतं. पहिली पायरी लवकर आली. म्हटलं, बरं, बुटक्या पायऱ्या आहेत. दुसरीवर तसाच पाय टाकला, तर दुसरी आलीच नाही. आता येईल, आता येईल, आणि मग मी हवेत. खरं सांगू? त्या क्षणी भीती नाही वाटली. असं वाटलं, कुणीतरी बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून निघून गेलं.”

आत्याने चपला काढल्या, दोरखंडाखालून वाकून आत गेली आणि डोळे मिटले.

एक. दोन. तीन. पायऱ्या थंड होत्या आणि फिनाइलच्या वासाच्या. टाचेतला बुडबुडा मधोमध, शहाण्यासारखा बसलेला. सात, आठ. मिटल्या डोळ्यांआड जिना पिवळसर होत गेला, मग दुधी. तिला वाटलं आपण चढत नाही, जिनाच आपल्याखालून एकेक पायरी खाली पाठवतो आहे. अकरा. बारा, आणि बुडबुडा हलला. जरासाच. एक सूत. आत्या थांबली. परत उतरून चढली. एक सूत उंच. हीच ती नदी, तिला आठवलं. पुढे तेरापासून एकोणीसपर्यंत पुन्हा सगळं सारखं, आणि विसाव्याला जमीन अवेळी पायाखाली आली, भलत्या घरात शिरल्यासारखी.

म्हणजे नदीत हरवलं ते एक सूत. दोन इंचांची सोळा सूत होतात. बाकीची कुठे गेली?

वरचा मजला जिना बंद असल्यामुळे रिकामा होता. गुंडाळलेल्या गाद्या, पांढरे पडदे, उन्हाचा एक लांबट चौकोन जमिनीवर. आत्या त्या चौकोनात आडवी झाली. गवंड्याला फरशीवर झोप लागते तशी गादीवर लागत नाही.

तिला दिसलं, की जिन्यावर लोक उभे आहेत. प्रत्येकाचा एक पाय उचललेला आणि खाली ठेवायला कुणी तयार नाही. म्हातारा गवंडी होता, सिस्टर होत्या, पंपवाला होता, सगळे एका पायावर, कुणाचीही तक्रार नाही. फक्त पायऱ्या जिवंत होत्या. प्रत्येक पायरीने इवलासा श्वास आत ओढून धरला होता, फोटो काढताना माणसं धरतात तसा. प्रत्येक पायरी त्या श्वासाएवढी फुगलेली, आणि वरचा मजला बिचारा होता तिथेच. आत्या म्हणाली, “सोडा गं श्वास.” पहिली पायरी हळूच म्हणाली, “सोडला असता, पण साहेबांनी सहा सांगितलंय.”

“आत्या! अगं ऊठ, लोक म्हणतील दवाखान्यात मेली.” भाचा टेप घेऊन उभा होता.

आत्या उठून बसली. “तुझा स्लॅब किती उंच आहे?”

“तीन मीटर. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. माझ्या कामावर येऊ नकोस.”

“चल खाली. माझी एक पायरी मोज.”

टेपला दोन कडा असतात. एकीवर इंच, दुसरीवर मिलिमीटर. आत्या आयुष्यभर वरची कड वाचत आली, भाचा खालची. एकच टेप दोघांनी रोज हाताळला आणि दोघांनी कधी एकमेकांची कड बघितली नाही.

“किती?” आत्याने विचारलं.

“तू सांग.”

“सहा. चोख.”

भाचा वाकला. “माझ्याकडे एकशे बावन्न. वर थोडं, साडेबावन्नला जरा कमी.”

“नकाशात किती होतं?”

“दीडशे. पण दोन-अडीच मिलिमीटर म्हणजे काय गं? मुंगीच्या कमरेएवढं.”

“वीस मुंग्या एकीवर एक उभ्या कर.”

भाच्याने खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीवर गुणाकार मांडला, दोन पूर्णांक चार गुणिले वीस. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. टेपवर अठ्ठेचाळीसला नख धरून त्याने आत्याची कड बघितली. नखासमोर इंचाच्या कडेला दोन भरायला एक सूत कमी होतं.

“पंधरा सूत,” आत्या म्हणाली.

“पंधरा! आत्या, सुटलीस! तक्त्यातलं दीडशे बरोबर सहा, हीच ती चूक. तू काही केलंच नाहीस!”

“सोळावं केलं. बाराव्या चढावर.”

“ते कशाला बोलतेस? घाल तेही त्यांच्याच पदरात. कोण बघतंय?”

“टाच बघते ना,” आत्या म्हणाली आणि चपला शोधू लागली.

सोमवारी ती कचेरीत आली. हे तुम्हाला आठवत असेल. भाचा बरोबर होता, पण दारातच घसा खाकरत थांबला. चष्म्यातले साहेब, म्हणजे तुम्ही, सहीसाठी पेन आधीच उघडून ठेवलं होतंत.

“तक्त्यात दीडशे बरोबर सहा लिहिलं होतं,” आत्याने सांगितलं. “ते सहाला थोडं कमी असतं. त्या थोड्याची वीस चढांत पंधरा सूत झाली.”

“कुठला तक्ता, बाई?”

“भिंतीवरचा.”

“भिंतीवर काही नाही. मी स्वतः बघून आलोय. कागद असेल तर दाखवा.”

“कागद तुमचा तुम्ही काढलात. जिना कुठे काढलात? जा, मोजा. तुमच्या माणसाने एकच पायरी मोजली, शेवटची. सगळ्या मोजा. एकोणिसातल्या अठरा पायऱ्या सहा इंच आहेत, चोख. निष्काळजी माणूस असा चुकतो होय साहेब? निष्काळजी माणूस एकदा जास्त, एकदा कमी, एकदा वाकडा चुकतो. अठरा वेळा एकसारखं चुकायला कुणाचंतरी ऐकावं लागतं. तुमचा तक्ता मी विटांत लिहून ठेवलाय. अठरा वेळा लिहिलाय.”

कचेरीत टाइप करणारीचे हात थांबले. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात.

“आणि एकोणिसावी?” तुम्ही विचारलंत. आवाजात जरा उमेद होती, नाही म्हणू नका.

“बारावी ती. एक सूत उंच. ती माझी.” आत्याने पेन घेतलं. तुमच्या जाड कागदावर, तुमच्या तीन शब्दांच्या खाली, तिने एकेक अक्षर विटेसारखं बसवत लिहिलं, बारावा चढ, एक सूत, माझी चूक. त्याखाली सही केली. “मी दोरीवर अडून बसायला हवं होतं, तेही माझं. तो चढ मी माझ्या हाताने पाडून देते. पण थापी देणार नाही. आणि तुमचा तक्ता लावून आणखी जिने कुठे कुठे झालेत, तेही सांगा. तिथेही कुणीतरी ट्रे घेऊन उतरत असेल.”

“असं परस्पर लिहिता येत नाही,” तुम्ही म्हणालात. “हे वर पाठवावं लागेल. वेळ लागेल.”

“लागू द्या.”

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज कचेरी उघडताना ती येते आणि बंद होताना जाते. कधी डोळे उघडे असतात आणि ती तिथे नसते. कुठल्याशा पायऱ्या उतरत असते. शिपाई तिला हलवून विचारतो, “आत्या, आहेस ना?” ती जरा उशिराने म्हणते, “आहे.” परवा सिस्टर गळ्यातला हात सांभाळत येऊन तिच्या शेजारी बसल्या. काल पंपवाला आला. बाकावर आता जागा उरलेली नाही.

तिने तिचं एक सूत घेतलं, सही करून घेतलं. वर पाठवायचं असेल तर वर पाठवा, खाली विचारायचं असेल तर खाली विचारा. पण माणसाचं नाव सांगा. ‘संबंधित’ चालणार नाही. बाकीची पंधरा सूत कुणाची?